खाजत नाही, दुखत नाही

“खाजत नाही, दुखत नाही, मंग काहून दाखवू जी?”

सहावीतल्या एका मुलाने मला हे विचारलं होतं. शर्ट काढायला तो तयार नव्हता. त्याच्यामागे तीसेक मुलं रांगेत होती, बारा वाजत आले होते आणि शाळेच्या मागे खिचडीचं पातेलं चुलीवरून उतरलं होतं. ‘बरं, जा’ म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी एका बाळाच्या आईला असंच चटकन काहीतरी बोलून मी मोकळी झाले होते. त्या बाळाचं आणि या मुलाचं, दोघांचंही मला सांगायचं आहे.

२०१४ पासून मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात डॉक्टर आहे. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. एका पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक सिस्टर आणि एक गाडी. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची, शाळेतली एकदा. गावात आम्हाला ‘चेकअपची गाडी’ म्हणतात. वजन, उंची, डोळे, दात, कान, छाती असं सगळं बघायचं असतं, पण दिवसाचा मोठा भाग कातडी खाते. मूल तापाने फणफणलेलं असेल तर त्या दिवशी शाळेत येतच नाही. अंगावरचं पुरळ, खरूज, डाग घेऊन मात्र ते रोज येतं.

नोकरीला लागले तेव्हा मला त्वचेचं फार कळत होतं असं नाही. कॉलेजात त्या विभागात थोडेच दिवस काढले होते. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे. त्यात ‘लालसर चट्टा’ लिहिलेलं असे आणि तो खरंच लाल दिसे. आमच्या मुलांच्या सावळ्या, उन्हाने रापलेल्या अंगावर तोच चट्टा काळपट किंवा जांभळट दिसतो, कधी आजूबाजूपेक्षा नुसता गडद. सूज डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळते. हे मला शिकवायला कुणी नव्हतं. मुलांच्या अंगावर हात फिरवून फिरवूनच ते कळलं. खोलीतल्या दिव्याखाली बघण्याऐवजी मूल उंबऱ्याबाहेर उजेडात न्यायचं, ही सवयही तशीच लागली.

खरूज शोधावी लागत नाही. मूल समोर उभं राहतं आणि त्याचा हात आपोआप बोटांच्या बेचक्यांकडे जातो. बेचक्या, मनगटं, काखा, बेंबीभोवती, जांघा इथे बारीक पुटकुळ्या आणि नखांचे ओरखडे असतात. रात्री खाज वाढते. तान्ह्या बाळांत तळहात, तळपाय आणि डोक्यावरही येते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका आश्रमशाळेत मी खाजवणारी तीस-पस्तीस मुलं वेगळी काढली, त्यांना मलम दिलं आणि समाधानाने परत आले. तीन आठवड्यांनी अधीक्षकांचा फोन आला. “मॅडम, तुमचं औषध काही लागू पडत नाही.”

औषध चांगलं होतं, चूक माझ्या वाटपात होती. खरजेचा किडा पहिल्यांदाच अंगात शिरतो तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे शेजारच्या गादीवरच्या, मजेत झोपणाऱ्या मुलाच्या अंगातही तो असतो. मी खाजणाऱ्यांना बरं केलं आणि न खाजणाऱ्यांनी ते पुन्हा वाटलं. दुसऱ्या वेळी आम्ही संध्याकाळीच पोहोचलो. पाच टक्क्यांचं परमेथ्रिन, गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बेंबीतसुद्धा, सगळ्या मुलांना एकाच रात्री लावलं. स्वयंपाकीण, चौकीदार आणि खुद्द अधीक्षकांनाही. सकाळी अंघोळ. चादरी गरम पाण्यात उकळल्या, ज्या धुता येत नव्हत्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून चार दिवस ठेवल्या. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. आठवड्याने पुन्हा तोच कार्यक्रम. आणि मुलांना बजावून सांगितलं की किडा मेला तरी खाज दोन-चार आठवडे राहील, म्हणून रोज मलम चोपडत बसायचं नाही.

त्याच रात्री नववीतली एक मुलगी बाजूला बसली होती. तिचा चेहरा सुजलेला. मैत्रिणी म्हणाल्या, दुपारी झोपली म्हणून. तिच्या खरजेत पू झाला होता, वर मधासारख्या पिवळ्या खपल्या. मी लघवीचा रंग विचारला. ती लाजली, मग हळूच म्हणाली, “कोऱ्या चहावानी.” रक्तदाब मोजला, जास्त भरला. खरजेत शिरलेल्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, हे वाचलेलं होतं, पण समोर पहिल्यांदाच बघत होते. तिला त्याच रात्री जिल्हा रुग्णालयात पोहोचवलं. खाज घेऊन ती सगळ्यांसारखी रांगेत उभी राहिली होती. चेहऱ्याच्या सुजेबद्दल तिने स्वतःहून काहीच सांगितलं नसतं, कारण ती दुखत नव्हती.

अंगणवाडीत आयांची काळजी वेगळीच असते. गालावरचे पांढरट गोल डाग. ‘शिबं उठलं’, ‘जंत झाले’, ‘कॅल्शियम कमी पडलं’ अशी कारणं घरात ठरलेली असतात आणि कॅल्शियमची बाटली आधीच आणलेली असते. या डागांच्या कडा पुसट असतात, वर बारीक कोंडा असतो. उन्हाने आजूबाजूची कातडी काळवंडली की ते उठून दिसतात. बहुतेकांना खोबरेल तेल आणि काही महिन्यांची सवड पुरते. पण आईच्या मनात खरं काय आहे ते तिच्या शब्दांवरून नाही, न उच्चारलेल्या शब्दावरून कळतं. “ते तर नाही ना जी?” असं ती विचारते. ते म्हणजे कोड. कोडाचा डाग दुधासारखा पांढराफेक असतो, कडा रेखीव. तो असला तरी मी तिला आधी हेच सांगते की कोड लागत नाही, आणि लवकर दाखवलं तर औषधाचा गुण जास्त येतो. बाकी अंगणवाडीतल्या बहुतेक गोष्टी अशाच, सांगून निभणाऱ्या. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हाचं घामोळं. मोत्यांसारखे मध्ये खळगा असलेले फोड, जे काही महिन्यांनी आपोआप जातात आणि जे फोडायला जाऊ नये. डोक्यातली केसतुडं. कंबरेवर नागीण उठलेलं एखादं मूल, गेरूने रंगवून आणलेलं.

एका सासूने सुनेला सहा महिने छळलं होतं, बाळाच्या ढुंगणावर आणि पाठीवर निळसर डाग होते म्हणून. ‘गिरानात विळा धरला हिने,’ म्हणजे ग्रहणात. आपल्याकडच्या कितीतरी बाळांना असे डाग जन्मतः असतात आणि काही वर्षांत हळूहळू फिके होतात. मी सासूबाईंसमोर शेजारच्या दोन बाळांची दुपटी सोडून त्यांचेही डाग दाखवले. त्या बघत राहिल्या, मग सुनेच्या हातून बाळ घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवलं. असे डाग दिसले की मी कार्डावर जागा आणि आकार लिहून ठेवते. पुढे कुणी ते माराचे वळ समजू नयेत, एवढ्यासाठी.

आता त्या बाळाबद्दल.

२०१६ चा ऑगस्ट. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस होता आणि आमची फेरीही त्याच दिवशी आली होती. दीड महिन्याची मुलगी, दीड महिन्याच्या डोससाठी आणलेली. वजन चांगलं, अंगावर पिणारी, रडणं खणखणीत. आई पहिलटकरीण. तिने बाळाच्या डाव्या वरच्या पापणीकडे बोट केलं. तिथे मसुराच्या डाळीएवढा लालसर ठिपका होता.

नवजात बाळांच्या पापण्यांवर, कपाळावर, मानेच्या मागे फिकट गुलाबी डाग फार असतात. रडलं की गडद होतात, पापणीवरचे बहुतेक वर्ष-दोन वर्षांत पुसले जातात. मी ते शेकड्यांनी पाहिले होते. मान वर न करता म्हणाले, “काही नाही ताई, वर्षभरात जाईल.” ती हसली. मी कार्डावर ‘नॉर्मल’ लिहिलं.

आमची पुढची फेरी फेब्रुवारीत झाली. आई तिथेच, सतरंजीवर त्याच कोपऱ्यात बसली होती. बाळाची पापणी जांभळट लाल आणि लिंबाएवढी फुगली होती. डोळा मिटलेलाच. आईने मला दोष दिला नाही. तिने एवढंच म्हटलं, “तुमी म्हटलं होतं ना जी, वर्षभरात जाते. मी वर्ष व्हायची वाट पाहत होती.”

तो रक्तवाहिन्यांचा गाठोडा होता, हिमँजिओमा. पुस्तकात त्याचंही वाक्य असतं की तो आपोआप विरतो, आणि ते खरं आहे, बऱ्याच मुलांच्या पाठीवरचे, दंडावरचे असे लाल गाठोडे काही वर्षांत सुरकुतून जातात. पण त्याच्या आधी तो वाढतो आणि ही वाढ पहिल्या काही महिन्यांतच, विशेषतः पाचव्या ते आठव्या आठवड्यात, फार झपाट्याने होते. मी तिला पाहिलं तेव्हा ती नेमकी त्याच आठवड्यांत होती. पाठीवरचा गाठोडा विरेपर्यंत थांबता येतं, डोळा तसा थांबत नाही. तान्ह्या बाळाचा डोळा झाकला गेला किंवा दाबला गेला, तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही. पुढे पापणी उघडली तरी ते शिकणं मागे राहिलेलं असतं.

आम्ही तिला नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी बापाचा मोबाइल मागितला आणि त्यातले फोटो मागे मागे सरकवत बघितले. तिसऱ्या दिवसाच्या फोटोत दोन्ही पापण्या स्वच्छ. वीस दिवसांच्या फोटोत डावीकडे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. मी पाहिला तेव्हा तो मसुराएवढा होता. म्हणजे ठिपका वाढत होता याचा पुरावा त्या दिवशी अंगणवाडीत, दारात बिडी ओढत उभ्या असलेल्या बापाच्या खिशात होता. मी मागितलाच नाही. ‘जन्मल्यापासून आहे की नंतर आला?’ एवढा एक प्रश्नही विचारला नाही. तो गुलाबी निरुपद्रवी डाग जन्मतः असतो, सपाट असतो, वाढत नाही. हा नंतर येतो, हाताला उंचवटा लागतो, वाढतो. मी हात लावला नव्हता.

या गाठोड्यावर औषध आहे. प्रोप्रॅनोलॉल, हृदयासाठी आणि रक्तदाबासाठी कित्येक वर्षं वापरलं जाणारं. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी लिहिलं की हृदयाच्या त्रासासाठी ते दिलेल्या बाळाच्या नाकावरचा गाठोडा झपाट्याने मऊ पडला, रंग बदलला. त्यानंतर जगभर उपचार बदलले. मुलीला दवाखान्यात ठेवून, नाडी आणि साखर मोजत ते सुरू केलं. घरी आल्यावर आईला मी तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या: दूध पाजल्याशिवाय डोस नाही, बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर त्या दिवशी डोस नाही आणि मला फोन. तिने एकही दिवस चुकवला नाही. काही आठवड्यांत पापणी उचलली. पुढे चष्मा लागला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मागे पडलेल्या डोळ्याला बघावं लागावं. शेतातल्या घरात, धुळीत आणि उकाड्यात दोन वर्षांच्या पोरीच्या डोळ्यावर पट्टी टिकवणं काय असतं ते त्या माउलीलाच माहीत.

हे सगळं ती दीड महिन्याचीच असताना सुरू झालं असतं, तर कदाचित इतकं करावं लागलं नसतं. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं मनात बाळगून आहे आणि लिहिताना ते हलकं करायची माझी इच्छा नाही.

त्या फेब्रुवारीनंतर मी माझ्या वहीत एक रकाना वाढवला. छापील नमुन्यात तो नाही. त्याचं नाव ‘पुन्हा कधी’. कुठलाही डाग ‘बघू’ म्हणून सोडला तर त्या रकान्यात तारीख पडलीच पाहिजे. ती माझ्या पुढच्या फेरीची नसते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या लाल ठिपक्याला मी सात दिवसांची तारीख देते. गावातली आशाताई घरी जाते, शेजारी नाणं ठेवून फोटो काढते आणि मला पाठवते. डोळ्यापाशी, नाकाच्या शेंड्यावर, ओठावर, हनुवटीवर दाढीच्या जागी असेल तर तारीखसुद्धा नाही, थेट चिठ्ठी. दाढीच्या जागेवरचा गाठोडा आत श्वासनळीतही असू शकतो. कमरेच्या खाली, मणक्यावर असेल तर आतल्या मज्जारज्जूची तपासणी हवी, तिथे केसांचा पुंजका किंवा खोल खळगा असला तरीही. अंगावर पाच किंवा त्याहून जास्त असतील तर यकृताची सोनोग्राफी.

कुणी म्हणेल, मग प्रत्येकालाच पाठवून मोकळं का होत नाही? पहिल्या एक-दोन महिन्यांत घाबरून मी तेच केलं. चिठ्ठी लिहायला मला मिनिटभर लागतं. नागपूरला जायला त्या घराच्या दोन रोजी बुडतात, एस.टी.चं भाडं, मुक्काम, मागे राहिलेली दुसरी मुलं, बांधलेल्या शेळ्या. तिथे डॉक्टर म्हणाले ‘काही नाही, साधा डाग आहे’, की ते घर पुढच्या वेळी जात नाही आणि शेजारचं घरही जात नाही. माझ्या चिठ्ठीची किंमत गावाला ठाऊक असते. म्हणून ओळखायला शिकणं भाग होतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका त्वचारोगतज्ज्ञांना मी शनिवारी फोटो पाठवू लागले. ते वैतागले नाहीत. हळूहळू माझे प्रश्न कमी झाले, उत्तरंही छोटी झाली.

सहावीतला मुलगा २०१८ सालचा. मी त्याला म्हटलं, “खाजत नाही म्हणूनच दाखव.” त्याने नाइलाजाने शर्ट काढला. मुलं नुकतीच कबड्डी खेळून आली होती. त्याची पाठ घामाने ओली आणि मातीने माखलेली होती. फक्त डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली तळव्याएवढा एक गोल कोरडा होता. तिथे माती चिकटली नव्हती, कारण तिथे घामच नव्हता. रंग आजूबाजूपेक्षा फिकट, किंचित तांबूस. त्यावर लव नव्हती.

“याला काय लावतोस?”

“ट्यूब. नायटा हाय म्हने.”

चार महिन्यांत तीन ट्यूबा झाल्या होत्या. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, तीन-चार औषधं एकत्र असलेल्या, स्टेरॉइडवाल्या. त्याने खाज थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो, ओळखू येईनासा होतो. इथे तर नायटाच नव्हता. नायट्याची कडा उंच असते, खवले असतात आणि तो भयंकर खाजतो.

मी त्याला बाकावर पालथं झोपवलं, बॉलपेनचं टोक आधी त्याच्या हातावर टेकवलं आणि सांगितलं, डोळे मिट, जिथे लागेल तिथे बोट ठेव. हात, मान, उजवा खांदा, सगळीकडे त्याचं बोट बरोबर पडलं. डागाच्या मध्यावर पेन टेकवलं. बोट हललं नाही. पुन्हा टेकवलं. तो म्हणाला, “मॅडम, थांबल्या काहून?”

पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांत ही परीक्षा भरवशाची नसते, ती अंदाजाने किंवा आपल्याला खूश करायला बोट ठेवतात. चेहऱ्यावरही ती फसवते, कारण तिथे नसांचं जाळं दाट असतं आणि डाग कुष्ठाचा असूनही स्पर्श कळतो. पण अकरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर शंकेला जागा राहिली नव्हती. कोपराच्या आतली नस दोन्ही हातांना चाचपली, सारखीच लागली. बोटं ताठ होत होती. लवकर सापडला होता.

आमच्या जिल्ह्यात कुष्ठरोग हा शब्द उच्चारला की माणसांना वरोऱ्याचं आनंदवन आठवतं. त्याच्या आईने पहिला प्रश्न तोच विचारला. “मंग याले आनंदवनात ठेवा लागन का?” बाबा आमट्यांनी ते उभं केलं तेव्हा या रोगाच्या माणसाला घराबाहेर काढलं जात होतं. आता औषध घरी येतं, फुकट. मी तिला सांगितलं, तो घरीच राहील, उद्याही शाळेत येईल, याच ताटात जेवेल. महिन्याला एक पाकीट, अशी सहा पाकिटं. महिन्याच्या पहिल्या डोसनंतर लघवी लाल होईल, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. हे आधी सांगितलं नाही तर पाकिटं चुलीत जातात. मुख्याध्यापकांनी हळूच विचारलं, थोडे दिवस त्याला घरी ठेवावं का? मी त्यांच्यासमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवून बोलत राहिले.

लहान मुलाला कुष्ठरोग सापडला की तो कुठून आला हे शोधावं लागतं. बहुतेकदा उत्तर त्याच घरात किंवा शेजारी असतं. तिसऱ्या दिवशी कुष्ठरोग तंत्रज्ञ आणि मी त्यांच्या घरी गेलो. आजी ओसरीवर बसली होती. तिच्या तळपायाला जुनी खोल जखम होती, चिंधी बांधलेली. तंत्रज्ञांनी विचारलं, कधीपासून? “झाले चार-पाच वर्षं. दुखत नाही बाप्पा, मंग कोनाले दाखवतो?” आजीने आणि नातवाने एकच कारण सांगितलं होतं. आजीला वर्षभराचे उपचार लागले. तिच्या दोन बोटांची वाकलेली ठेवण आता सरळ होणार नाही. नातवाचा डाग फिका झाला आणि सहा पाकिटं संपली तेव्हा तो सातवीत गेला होता.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एका वसतिगृहात ताप आलेली एक मुलगी खाटेवर झोपून होती. तिच्या पायांवर बारीक ठिपके होते. बाईंना वाटलं, डास चावले. डासाच्या चाव्याला खाज असते, मध्ये टोचल्याची खूण असते. मी पाण्याचा काचेचा ग्लास मागवला आणि त्याचा तळ ठिपक्यांवर दाबला. साधं पुरळ दाबल्यावर काचेआडून नाहीसं होतं, हे तसंच राहिलं. सावळ्या कातडीवर हे नीट दिसत नाही, म्हणून तळपाय आणि तोंडातला टाळू बघितला. टाळूवरही होते. कातडीखाली रक्त झिरपत होतं. १०८ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत मी तिथून हलले नाही. डेंग्यू निघाला. ती बरी झाली. ताप आणि काचेखाली न जाणारे ठिपके एकत्र दिसले तर सकाळ होण्याची वाट बघू नका, हे मी प्रत्येक वसतिगृहात ग्लास दाबून दाखवते. नव्या गोळ्या सुरू केल्यावर तोंड आलं, डोळे लाल झाले आणि अंगावर फोड उठले, तर तेही त्याच घाईचं. गोळ्यांचं पाकीट बरोबर घेऊन निघायचं.

हे वाचणाऱ्यांत आई-बाबा असतील, आजी असतील, शिक्षक असतील. माझी एवढीच विनंती आहे की बाळाला अंघोळ घालताना रोज एकदा उजेडात उघडं करून सगळीकडून बघा. नवा डाग दिसला तर तारखेसह फोटो काढून ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा काढा. कुणी डॉक्टर ‘जाईल’ म्हणाले तर ‘नाही गेला तर कधी यायचं?’ हे विचारा. मलाही विचारा. मला राग येणार नाही.

ती मुलगी या वर्षी तिसरीत आहे. तपासणीला आली तेव्हा तिने मला ओळखलं, आईने सांगून ठेवलं असावं. तिची डावी पापणी आता इतर मुलींसारखीच आहे, फक्त कडेला थोडी सैल सुरकुती. मी तिला तक्त्यासमोर उभं केलं. उजव्या डोळ्याने तिने शेवटची ओळ न अडखळता वाचली. डाव्या डोळ्याने, चष्मा लावून, वरच्या तीन ओळी.